थंडी वाजते की उकडतं?

चिनी वैद्यासमोर बसलं, नाव-वय सांगून झालं, की पहिला प्रश्न हाच येतो. थर्मामीटर टेबलावर असतो, पण त्याची पाळी नंतर. हाँगकाँगच्या शेऊंग वान भागात, ट्रामच्या रस्त्यापासून वर चढत जाणाऱ्या एका गल्लीत, मी तोंड आलं म्हणून अशाच एका दवाखान्यात गेले होते. ओठांच्या आत आणि जिभेच्या कडेला फोड, आमटी-भाताचा घास घ्यायचीही पंचाईत. उत्तर माझ्याकडे तयारच होतं. तोंड आलंय म्हणजे उष्णता झालीय, हे आमच्या चिपळूणकडचं शेंबडं पोरही सांगेल. गुलकंद खायचा, सब्जा भिजवून प्यायचा, रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. विषय संपला.

वैद्यबाईंनी जीभ पाहिली. दोन्ही मनगटांवर आळीपाळीने तीन-तीन बोटं टेकवून बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, पाय? पाय थंडगार, हिवाळा लागला की मी मोजे घालूनच झोपते. पाणी गार प्यावंसं वाटतं की कोमट? कोमट. घाम? मानेवर येतो, खाली नाही. "वर आग, खाली थंडी," असं त्यांनी मोजक्या इंग्रजीत सांगितलं आणि कडू पुड्यांच्या जोडीला लिहून दिलं ते काय, तर रोज रात्री गरम पाण्यात पोटरीपर्यंत पाय बुडवून बसायचं, अंगाला हलका घाम सुटेपर्यंत.

उष्णतेवर गरम पाणी! आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अगं, डॉक्टरच आहे ना ती?"

आईची काशाची वाटी आणि ह्या बाईंची गरम पाण्याची बादली, दोघींचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. दुखणं तोंडात, इलाज तळपायाला. ली शिझेन ह्या मिंगकाळातल्या वैद्याने १५७८ साली जो औषधींचा प्रचंड कोश पुरा केला, त्यात १,८९२ द्रव्यांची नोंद आहे. त्यातल्या वू-झू-यू नावाच्या एका तिखट फळाबद्दल तो लिहितो की घशात, तोंडात, जिभेवर फोड आले तर ह्याची पूड व्हिनेगरमध्ये कालवून दोन्ही तळपायांच्या मध्यावर लावावी. एका रात्रीत बरं वाटतं. गंमत पुढे आहे. वू-झू-यू स्वतः उष्ण! ली शिझेनलाही हे खटकलं असावं, कारण लगेच तो खुलासा करतो: गुण उष्ण असला तरी हे द्रव्य उष्णता खाली ओढून आणतं. म्हणजे अंगात उष्णता किती आहे, ह्याच्याइतकंच ती कुठे अडकून बसली आहे, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं होतं.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला हे सगळं वाटतं तेवढं ओळखीचं नाही. चिनी माणूस "हे गरम, ते थंड" म्हणतो तेव्हा मराठी माणूस पटकन मान डोलावतो. आपल्याकडे आहेच की! आयुर्वेदातलं उष्ण वीर्य, शीत वीर्य. आंबा उष्ण, काकडी थंड. गूळ उष्ण, खडीसाखर थंड. त्यांच्याकडेही लाल साखर गरम, मूग थंड, मटण गरम, केळं थंड. इतकं जुळल्यावर वाटतं, पुढचंही जुळेल. आणि तिथेच फसगत होते.

चिनी वैद्यकात द्रव्याचे स्वभाव मानतात ते उष्ण, कोमट, शीतल आणि थंड, शिवाय ह्यांपैकी काहीच नसलेला मधला. चवी पाच. ताटातल्या तापमानाशी ह्याचा संबंध नाही. बर्फ घातलेला आल्याचा रस गरमच आणि उकळतं मुगाचं कढण थंडच. उपचाराचा नियम तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइजिंग' ह्या वैद्यकग्रंथात इतक्या सरळ शब्दांत आहे की वैद्याची गरजच काय असं वाटावं: थंड झालं असेल तर तापवा, तापलं असेल तर थंड करा. सगळी मेख आहे ती रोगी थंड आहे की तापलेला, हे ओळखण्यात. म्हणूनच तो पहिला प्रश्न. मिंगकाळातल्याच झांग जिएबिनने (१५६३–१६४०) रोग्याला विचारायच्या दहा प्रश्नांचं एक पद्य केलं. त्याचं सुधारून घेतलेलं रूप चिनी वैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात. त्याची सुरुवातच अशी: पहिलं विचारा थंडी-उष्णतेचं, दुसरं घामाचं.

हे विचारणं कुठून आलं, ते पाहायला आणखी मागे जावं लागतं. हान राजवट कोसळत असताना झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने 'शांगहान लुन' लिहिलं, म्हणजे थंडीने केलेल्या इजेवरचा ग्रंथ. त्याची प्रस्तावना वाचून मी हलले. आमच्या कुळात दोनशेहून जास्त माणसं होती, तो सांगतो. इसवी सन १९६ पासून दहा वर्षंही उलटली नाहीत तोवर त्यांतली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्या दहांपैकी सात थंडीच्या तापाने. घरची एवढी माणसं पोचवलेला माणूस औषधं लिहायला बसतो तेव्हा तो तत्त्वज्ञान सांगत नाही. तो बारकावे सांगतो.

त्याचा पहिलाच काढा घ्या. दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं, लाल बोरं. काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने एक वाडगा गरम पातळ पेज प्यावी. पांघरूण घेऊन पडून राहावं. घाम अंगभर, पण ओलसर यावा; पाण्यासारखा वाहू देऊ नये, तसा वाहिला तर रोग जात नाही. पहिल्याच मात्रेत घाम येऊन बरं वाटलं तर उरलेला काढा पिऊ नये. ही शेवटची सूचना वाचून मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. केलंय म्हणून संपवायचं नाही. आणि पेज! तापात पेजेचा वाडगा हातात देणारी माणसं कोकणात काय आणि झांगच्या हेनान प्रांतात काय.

पण त्याच ग्रंथात एक ओळ आहे, ती सगळ्या थंड-गरमच्या यादीला उलटी टांगते. रोग्याचं अंग सणसणून तापलेलं आहे आणि तरी तो आणखी कपडे मागतो, तर उष्णता कातडीत आहे, थंडी हाडाच्या गाभ्यात. अंग गार पडलंय आणि तरी त्याला पांघरूण नकोसं होतं, तर थंडी कातडीत, उष्णता गाभ्यात. कपाळाला हात लावून जे कळतं ते वरवरचं. रोगी काय मागतो ते खरं. पुढच्या वैद्यांनी ह्यातून खोटी उष्णता आणि खोटी थंडी अशी एक अख्खी शाखाच उभी केली.

आजचं शरीरशास्त्र ह्याच दृश्याचं वेगळं कारण देतं. संसर्ग झाला की मेंदूतलं तापमानाचं केंद्र आपली पातळी वर सरकवतं. रक्त ३८ अंशांवर आहे आणि केंद्राला ३९ हवेत, तर शरीर स्वतःला थंड समजतं. कापरं भरतं, गोधडी मागावीशी वाटते. ताप उतरायला लागला की उलट, पांघरूण फेकून द्यावंसं वाटतं. हाडाच्या गाभ्यात काही नसतं. तरीही मला कौतुक वाटतं ते निरीक्षणाचं. तापलेला माणूस पांघरूण मागतो ह्यात काहीतरी अर्थ आहे, तो नुसता वेडेपणा नाही, हे त्याने हातात कुठलंही यंत्र नसताना टिपलं.

यंत्र खूप उशिरा आलं. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश ह्या डॉक्टरने १८६८ साली हजारो रोग्यांच्या काखेतली तापमानं मांडून ३७ अंश सेल्सियस हा आकडा रूढ केला. त्याआधीची सगळी माणसं, चीनमधली, इथली, युरोपातली, ताप हा हाताने आणि रोग्याच्या तोंडून ऐकूनच ओळखत होती. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दीडशे वर्षांच्या नोंदी ताडून दाखवलं की तिथल्या माणसांचं सरासरी तापमान तेव्हापासून हळूहळू उतरत आलं आहे. म्हणजे ३७ हाही काही दगडावर कोरलेला आकडा नव्हे.

झांग झोंगजिंगची गाठ थंडीशी पडली. तो उत्तरेच्या मैदानातला, हिवाळा कडक. पुढच्या दीड हजार वर्षांत चीनची वस्ती दक्षिणेकडे, यांगत्सेच्या खाली सरकली. भातखाचरं, कालवे, चिकट उन्हाळे. तिथल्या वैद्यांना त्याच काढ्यांनी यश येईना. सूझौच्या ये त्यानशीने आणि त्याच्यामागून वू जुतोंगने (ह्याचा ग्रंथ १७९८ चा) सांगितलं की आमच्याकडचे ताप थंडीने येत नाहीत, उष्णतेनेच येतात. रोग्याला घाम काढायला गरम औषधं दिलीत तर आगीत तेल पडेल. त्यांनी हनीसकलची फुलं आणि फोर्सिथियाची फळं वापरली, दोन्ही थंड. उत्तरेचे म्हणतात थंडी शिरली, दक्षिणेचे म्हणतात उष्णता शिरली, आणि दोघांचे रोगी काही अंशी बरे होत राहिले. हा वाद आजवर मिटलेला नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग सरकारने घरोघरी पिशव्या वाटल्या. कोविडच्या चाचण्यांचे संच, मास्क आणि चिनी औषधाच्या कॅप्सुली. आमच्या पिशवीतल्या डब्यावरची घटकांची यादी मी कुतूहलाने वाचली. एफेड्रा आणि जिप्सम, जुन्या उत्तरेकडच्या ग्रंथातले. हनीसकल आणि फोर्सिथिया, दक्षिणेचे. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच कॅप्सुलीत कोंबलेले! त्या कॅप्सुलींचा कितपत उपयोग झाला ह्यावर डॉक्टरांत वाद आहेत, आणि मी त्या घेतल्याही नाहीत. पण डबा अजून कपाटात आहे.

ह्या शहराचा स्वतःचा थंड-गरमचा तर बाजारच आहे. कँटनी लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती 'यित हेय'ची. उष्णता चढण्याची. तळलेलं खाल्लं, लिची जास्त खाल्ल्या, रात्री जागरण केलं, की घसा धरतो, पुटकुळ्या येतात, तोंडाला वास येतो. एक लिची म्हणजे आगीच्या तीन मशाली, अशी म्हणच आहे. त्यावर उतारा म्हणजे 'लेऊंग छा', थंड चहा. चहा म्हणायचं एवढंच, त्यात चहाचं पान नसतं. रस्त्यावर उघड्या दुकानात पितळेचे मोठे चकाकते बंब आणि पुढे पांढऱ्या वाडग्यांत ओतून झाकून ठेवलेलं काळपट पाणी. 'चोवीस चवी' नावाचं एक मिळतं; त्यात चोवीस असतील नसतील, मला एकच लागली, कडू. किराईताच्या काढ्यावर वाढलेल्या माणसानेही डोळे मिटून घ्यावेत इतकी. ग्वांगझौमध्ये १८२८ पासून वाँग लो काट नावाचा असाच चहा विकला जातो; आज तो लाल डब्यात, भरपूर साखर घालून, अख्ख्या चीनमध्ये खपतो. २००६ साली चीनने ह्या थंड चहाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं.

आणि गरम-थंडच्या जोडीला इथे तिसरा शत्रू असतो: दमटपणा. मार्च-एप्रिलमध्ये समुद्राकडून ओलसर वारा येतो आणि घरातल्या फरशा, आरसे, भिंती घामेजतात. कपडे चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत माणूसही आतून ओला होतो अशी इथे समजूत आहे: अंग जड, भूक मंद, जिभेवर जाड पांढरा थर. मग जवासारखे दिसणारे यी-मायचे दाणे उकळून त्याचं पाणी प्यायचं. श्रावणातलं चिपळूण आठवून मला हे शंभर टक्के पटतं. शास्त्रीय पुरावा कोणी मागितला तर माझ्याकडे नाही.

माझी ह्या सगळ्याशी खरी ओळख झाली ती बाळंतपणात. आई चिपळूणहून आली होती, बॅगेत डिंक, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशोपा. शेजारच्या दारात एक म्हातारी राहते, तिला सगळा मजला पोपो म्हणजे आजी म्हणतो. पोपोला कँटनीशिवाय काही येत नाही, आईला मराठीशिवाय. दोघींची दिलजमाई पहिल्याच दिवशी झाली. कारण मी नळाचं गार पाणी पीत होते आणि दोघी एकदम ओरडल्या.

चीनमध्ये बाळंतिणीने महिनाभर 'बसायचं' असतं. बाळंतपणात रक्त जातं, रक्तासोबत ऊब जाते, सांधे उघडे पडतात, त्यांतून वारा आणि थंडी शिरते. ती मग म्हातारपणी निघते. गार पाण्याला हात लावायचा नाही, वारा घ्यायचा नाही, डोकं झाकायचं. आई माझे कान बांधत होती, पोपो पायांत मोजे घालत होती. केस धुवायचं पाणी पोपोच्या घरून यायचं, आल्याच्या साली घालून उकळलेलं. आईची शेगडी मात्र इथे पेटली नाही. ओवा-बाळंतशोप्याची धुरी देण्याचा घाट तिने घातला आणि छतावरचा धुराचा गजर किंचाळायला लागला.

पोपोने आणलेला खास पदार्थ म्हणजे मातीच्या मडक्यात काळ्या गोड व्हिनेगरमध्ये शिजवलेलं आलं, उकडलेली अंडी आणि डुकराचे पाय. बाळ होण्याआधीच व्हिनेगर-आलं मुरायला ठेवतात, आणि बाळ झालं की ते नातेवाइकांत वाटतात; पेढ्यांसारखं. आईने मडक्यात बराच वेळ पाहिलं. मग अंडी आणि आलं वेगळं काढलं, आणि बाकीच्याबद्दल आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आलं मात्र तिने चाखलं आणि म्हणाली, "ह्यांना कळतं हो."

फाटलं ते पपईवर. दूध यावं म्हणून पोपोने कच्ची पपई आणि मासे घालून सूप केलं. पपई! जी वस्तू नऊ महिने आईने माझ्या नजरेलाही पडू दिली नव्हती. पोपोच्या हिशेबात पपई ना गरम ना थंड, उलट दुधाला उत्तम. आईच्या हिशेबात जळता निखारा. पोपोची मुलगी मध्ये दुभाषी होती, ती बिचारी कोणाचं काय भाषांतर करावं ह्याने घामाघूम. शेवटी सूपातला मासा मी खाल्ला, पपई ताटाच्या कडेला सारली आणि दोघी सारख्याच नाराज झाल्या.

तेव्हा जुलै होता. बाहेर ३३ अंश, हवेत पाण्याची वाफ, आणि ह्या दोघींनी एसी बंद करून ठेवलेला. ह्या ठिकाणी मला दोन्ही परंपरांशी भांडायला हवं वाटतं. चीनमध्ये भर उन्हाळ्यात पंखा-एसी बंद करून, जाड कपडे घालून बसलेल्या बाळंतिणी उष्माघाताने दगावल्याच्या बातम्या येत असतात. उष्माघात हा अंदाजाचा विषय नाही. शरीर ४० अंशांपुढे गेलं आणि गोंधळायला लागलं, तर 'कुठली उष्णता, खरी की खोटी' असं विचारत बसायला वेळ नसतो. आई आणि पोपो खाली बागेत बाळाला घेऊन गेल्या की मी एसी २६ वर लावायची. त्या परत येईपर्यंत खोली पुन्हा त्यांच्या पसंतीची.

थंड-गरमच्या विचाराची ही एक सीमा; दुसरी जंतूंची. शेऊंग वानच्या वरच्या अंगाला टायपिंगशान नावाचा भाग आहे. १८९४ साली तिथल्या दाट वस्तीत प्लेग पसरला आणि त्याच वर्षी इथे आलेल्या अलेक्झांडर येरसाँला त्याचा जंतू सापडला. दोन वर्षांत तो रोग मुंबईच्या मांडवीत उतरला आणि पाठोपाठ पुण्यात. तिथून पुढचं आपल्याला पाठ आहे. जवळच तुंग वा रुग्णालय आहे, १८७० साली चिनी लोकांनी चिनी वैद्यकासाठी स्थापलेलं. प्लेगनंतर तिथे पाश्चात्त्य वैद्यकही सुरू करावं लागलं. त्या जंतूला रोगी उत्तरेचा की दक्षिणेचा, त्याने लिची खाल्ली की काकडी, ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि तिसरी, विषाची. शरीर आतून विझत चाललं, हातपाय बर्फ झाले, तर शांगहान लुनमध्ये फू-झी देतात, सगळ्यात उष्ण औषधांपैकी एक. फू-झी म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातली मुळी. नीट शिजवली नाही तर हृदयाचे ठोके बिघडवून माणूस मारते. हाँगकाँगच्या रुग्णालयांत अशा विषबाधेचे रोगी येत राहिले आहेत. आपल्याकडेही बचनाग गोमूत्रात शुद्ध करून त्रिभुवनकीर्तीत घालतात. पण कशासाठी? तापासाठी! एकाच कुळातल्या मुळ्या, इथे विझलेल्याला पेटवायला, तिथे तापलेल्याला उतरवायला.

असं सगळं असलं तरी ह्या लोकांनी ठेवलेल्या नोंदी हसण्यावारी न्याव्यात असंही नाही. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या पुस्तकात हिवतापावर एक उपाय आहे: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, तो रस पिऊन टाका. छिंगहाव ही वनस्पती थंड गणातली. तू यूयू ह्या संशोधिकेचा गट १९७० च्या सुमारास मलेरियाविरोधी औषध शोधत होता आणि उकळून काढलेले अर्क दगा देत होते. हा 'भिजवून पिळा'चा मजकूर वाचून तिच्या लक्षात आलं की उकळण्यानेच औषध मरत असावं. कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ चं नोबेल. थंड औषध मिळवायला उष्णता टाळावी लागली, हे ऐकून कुठलाही चिनी आजोबा "मग, आम्ही काय सांगत होतो" असं म्हणेल. अर्थात, त्याचा आणि ह्याचा संबंध नाही.

पुदिन्याचंही तसंच. चिनी यादीत तो तिखट आणि शीतल. पुदिन्यातलं मेंथॉल अंगाचं तापमान उतरवत नाही. ते गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंचं दार उघडतं आणि मेंदूला वाटतं, थंड वारा आला. मिरचीतलं द्रव्य भाजणं ओळखणारं दार उघडतं. डेव्हिड ज्युलियसला २०२१ साली ह्याच शोधासाठी अर्धं नोबेल मिळालं. म्हणजे थर्मामीटरला न दिसणारी थंडी-उष्णता शरीरात खरोखर आहे, निदान जिभेवर आणि कातडीत. काकडी, केळं आणि खेकड्याच्या बाबतीत मात्र असं दार अजून कोणाला सापडलेलं नाही.

खेकडा. हा तर आमच्या घरातला कायमचा तंटा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूझौकडच्या यांगचेंग तळ्यातले केसाळ पंजांचे खेकडे हाँगकाँगच्या बाजारात येतात, गवताने बांधलेले, बुडबुडे काढणारे. नवव्या चांद्रमासात माद्या खाव्यात, दहाव्यात नर. ते नुसते वाफवतात, आल्याचे बारीक काप घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून खातात, सोबत तांदळाची कोमट दारू आणि शेवटी लाल साखर घातलेला आल्याचा चहा. एवढा सगळा बंदोबस्त का, तर खेकडा अतिशय थंड. सर्दी-पडसं असलेल्याने, गरोदर बाईने, पोट नाजूक असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि आमच्या चिपळूणला? पहिला पाऊस पडला, वहाळ वाहायला लागले, की पोरं बॅटरी घेऊन खेकडे धरायला जातात, आणि घरात कोणाला खोकला असेल तर त्याला आधी रस्सा. कारण खेकडा उष्ण. छातीतला कफ मोकळा करतो. लहान मुलांना जास्त देऊ नये, बाधतो.

दोन समुद्रकिनारे, एकच प्राणी, आणि नेमकी उलटी खात्री. मी ह्यावर बरेच दिवस विचार करून एक तोडगा काढला होता. सूझौचा खेकडा उकाडा संपून गारवा येताना, नुसता वाफवून खातात. आमचा खेकडा पावसाच्या गारठ्यात, मिरी, लसूण, लवंग आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजतो. उष्ण आहे तो रस्सा. खेकड्याचं नाव उगीच. आणि सूझौवाल्यांच्या ताटातही शेवटी आलंच येतं. म्हणजे दोघंही खेकड्याभोवती गरम गोष्टी रचतात, एक म्हणतो खेकडा थंड आहे म्हणून, दुसरा म्हणतो खेकडाच गरम आहे. पानात पडतं ते फारसं वेगळं नसतंच.

हे मी पोपोच्या मुलीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने पोपोला सांगितलं. पोपोने मान हलवली. मसाला कितीही घाला, खेकडा थंडच.

मग आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मसाल्याचा काय संबंध? नुसता भाजून खाल्ला तरी खेकडा उष्णच. तुला खाल्ल्यावर काय होतं, ते सांग."

मला? मला झोप येते. दोन्हीकडचे खाल्ल्यावर.